'शास्ता' की 'न्यायाधीश' : इफ्ताहाला काय म्हणावे?

हिब्रू धर्मग्रंथातील सेनानी इफ्ताह याच्याविषयी मराठीत लिहिताना त्याला 'न्यायाधीश' म्हणणे चूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कथा ज्या ग्रंथात येते त्याचे मराठी बायबलमधील नाव 'शास्ते' असे आहे आणि तोच शब्द मुळाच्या अधिक जवळ जातो. मूळ हिब्रू शब्द 'शोफेत'. निवाडा करणे हा त्याचा एक अर्थ खराच, कारण याच ग्रंथातील दबोरा ही स्त्री रामा आणि बेथेल या गावांच्या दरम्यान खजुरीच्या झाडाखाली बसत असे आणि लोक तिच्याकडे निवाड्यासाठी येत. परंतु सत्ता चालवणे हेही त्या शब्दात येते. उत्तर आफ्रिकेतील प्राचीन कार्थेज नगरराज्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांचे पदनाम याच शब्दाचे रूप होते. मराठीत 'शासन' म्हणजे राज्यकारभार आणि 'शासन करणे' म्हणजे शिक्षा करणेही, त्यामुळे दोन्ही छटा 'शास्ता' या एका शब्दात आपसूक येतात.

इफ्ताह तर कोणाचा तंटा सोडवताना कुठेही दिसत नाही. दुसऱ्या बाईचा मुलगा म्हणून भावांनी त्याला घराबाहेर काढले, तो तोब प्रांतात टोळी जमवून राहिला आणि शेजारचे अम्मोनी लोक चालून आले तेव्हा त्याच्या मूळ प्रांताच्या, म्हणजे गिलादच्या, वडीलधाऱ्यांना त्याच्या दारी जावे लागले. येथील शब्दयोजना फार बारकाईने वाचण्याजोगी आहे. 'शास्ते'च्या अकराव्या अध्यायाच्या ६व्या वचनात ते त्याला 'कात्सीन' हो म्हणतात, म्हणजे लढाईपुरते नेतृत्व देऊ करतात. तो जुना अपमान त्यांच्यापुढे ठेवतो, तेव्हा ८व्या वचनात ते 'रोश' म्हणजे सर्व गिलादकरांचा प्रमुख होण्याचे वचन देतात. आणि ११व्या वचनात लोक त्याला 'रोश' आणि 'कात्सीन' असे दोन्ही करतात. ही सगळी घासाघीस दोन शब्दांतील अंतरावर उभी आहे, म्हणून दोन्ही ठिकाणी 'पुढारी' लिहिले की प्रसंगाचा प्राणच जातो.

'रोश' म्हणजे मूळात डोके. आपल्याकडे आलेला 'रईस' हा शब्द ज्या अरबी 'रअस'पासून निघाला, तो याचाच सगोत्र आहे. 'सरदार'मधला फारसी 'सर' अर्थाने जुळतो, पण त्याचे कूळ वेगळे आहे. 'रोश'साठी 'प्रमुख' पुरेसा वाटतो.

'कात्सीन'साठी 'सेनापती' मात्र नको, कारण त्याच ग्रंथातील सीसरासारख्या, राजाच्या पदरी असलेल्या सेनापतीला 'सार-त्सावा' असा वेगळाच शब्द आहे. बायबलमधील 'यहोशवा' या ग्रंथाच्या १०व्या अध्यायात पाच राजांच्या मानेवर पाय ठेवणारे लढवय्यांचे म्होरके 'कात्सीन'च आहेत आणि आजच्या हिब्रूतही लष्करी अधिकाऱ्याला हाच शब्द वापरतात. पण बायबलमधीलच 'नीतिसूत्रे' या ग्रंथात मुंगीला कोणी 'कात्सीन' नसतो असे म्हटले आहे, आणि तेथे 'सेनानायक' अगदीच विजोड दिसेल. दोन्ही ठिकाणी चालेल असा शब्द मला 'नायक' हाच दिसतो, कारण त्यातून लष्करातला हुद्दा आणि साधा पुढे चालणारा, असे दोन्ही अर्थ निघतात.