धागा: ‘कॅन्सर पसरेल का’ याचं उत्तर सीबीसीच्या रिपोर्टवर छापावं का?

काचपट्टी
काही रिपोर्टांवर हल्ली सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) तळाशी ‘एनएलआर’ आपोआप छापून येतो. न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट, म्हणजे दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं गुणोत्तर, बस. प्रॉस्टेटचा, मूत्राशयाचा नाहीतर किडनीचा पेशंट तो कागद घेऊन सदाशिव पेठेपासून हडपसरपर्यंत विचारत फिरतो: “तीनच्या वर आलाय, म्हणजे पसरलाय का?”

माझं मत असं की पसरण्याच्या प्रश्नासाठी हा आकडा छापूच नये. न्यूट्रोफिल कशानेही वाढतात. कॅथेटर बसवलेला आहे, डीजे स्टेंटला (किडनी ते मूत्राशय घातलेल्या नळीला) जंतुसंसर्ग झालाय, कालच बायोप्सी झालीय, एवढं पुरतं. प्रॉस्टेट कॅन्सरच्या अबिराटेरोनसोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ५ मिग्रॅ दिवसातून दोनदा चालू असेल तर न्यूट्रोफिल वर, लिम्फोसाइट खाली, गुणोत्तर आपसूक फुगलेलं. पावसाळ्यात डेंग्यू झाला तर पांढऱ्या पेशीच घसरतात आणि सगळं गणित भलतीकडे जातं.

त्यात मोजणीची चूक वेगळी. काचेवर १०० पेशी हाताने मोजल्या, ७२ न्यूट्रोफिल आणि १८ लिम्फोसाइट मिळाले, तर एनएलआर ४. पण १०० पेशींत १८ दिसले याचा अर्थ खरा आकडा ११ ते २७ मध्ये कुठेही असू शकतो. म्हणजे तोच पेशंट, तेच रक्त, आणि गुणोत्तर अडीचच्या खालीही असू शकतं नाहीतर सातच्या घरातही. मशीन हजारो पेशी मोजतं, तिथे ही चूक फार कमी. पण मशीनने ‘पेशी संशयास्पद’ असा फ्लॅग दिला की शेवटी काचेवरच यावं लागतं.

मूत्रविशारद_कोथरूड
डॉक्टर, मोजणीचा मुद्दा मान्य. पण तुम्ही सीबीसीलाच मोडीत काढताय. पसरलेल्या किडनीच्या कॅन्सरमध्ये जगभर वापरतात त्या आयएमडीसी स्कोअरचे सहा निकष बघा: कार्नोफ्स्की (रोजची कामं किती जमतात याचे १०० पैकी गुण) ८० च्या खाली, निदानानंतर वर्षाच्या आत औषध सुरू करावं लागणं, हिमोग्लोबिन कमी, कॅल्शियम जास्त, न्यूट्रोफिल जास्त, प्लेटलेट जास्त. सहातले चार रक्तातले, त्यातले तीन तुमच्याच सीबीसीतले. एकही निकष नसेल तर चांगला गट, एक-दोन असतील तर मधला, तीन किंवा जास्त असतील तर वाईट गट. औषध निवडताना हे रोज लागतं.

दुसरं, खर्च. प्रॉस्टेटचा कॅन्सर कुठे पसरलाय ते दाखवणारा पीएसएमए पेट स्कॅन प्रत्येकाला परवडत नाही. तालुक्याच्या गावाहून आलेल्या माणसाला आधी स्कॅनच्या रांगेत कोणी ढकलायचं हे स्वस्त तपासणीवरून ठरवलं तर बिघडलं काय?

काचपट्टी
कॅल्शियम अल्ब्युमिनप्रमाणे दुरुस्त करून घेता ना, हे आधी विचारतो. 😀 अल्ब्युमिन ४ च्या खाली जितकं असेल त्याच्या ०.८ पट कॅल्शियममध्ये मिळवायचं, नाहीतर खंगलेल्या पेशंटचं वाढलेलं कॅल्शियम ‘नॉर्मल’ दिसतं.

आता मुद्दा. आयएमडीसी हा *पसरल्यानंतरचा* स्कोअर आहे. पसरलाय हे माहीत असताना पुढे कसं जाईल ते तो सांगतो. पसरलाय का, पसरेल का, हा प्रश्नच वेगळा. दोन्हींची खिचडी करून तो आकडा पेशंटच्या हातात दिला जातो, तक्रार तिथे आहे.

सरासरीवाला
रांगेच्या मुद्द्यावर थोडं गणित. आकडे मानलेले आहेत, कुठल्या अभ्यासातले नाहीत. १०० पेशंट, त्यांतल्या २० जणांच्या लिम्फच्या गाठींमध्ये कॅन्सर गेलेला. तपासणी ६० टक्के आजारी पकडते आणि ६५ टक्के निरोगी बरोबर सोडते. मग २० पैकी १२ सापडले, ८ निसटले. उरलेल्या ८० पैकी २८ जणांना उगाच ‘धोका’ असा शिक्का. शिक्का बसलेले ४०, खरे १२, म्हणजे ३० टक्के. तपासणीआधी शंका २० टक्के होती. एवढ्यासाठी रांग बदलायची?

आणि कटऑफ आपल्याच आकड्यांत ‘सर्वांत छान दिसेल तिथे’ ठरवला, तर पुढच्या हॉस्पिटलात तो कोसळतो. कोणी २.५ घेतो, कोणी ३, कोणी ५. पट्टीच जागेवर नाही तर माप कसलं घ्यायचं?

मूत्रविशारद_कोथरूड
एनएलआर सोडून दिला, घ्या. पण मग ‘रक्तावरून पसरणं कळत नाही’ असा सूर लावू नका. वृषणाच्या कॅन्सरकडे बघा. युरोलॉजीत टीएनएमला (कॅन्सरची पायरी लिहायच्या पद्धतीला) जोडून रक्ततपासणीला स्वतःचं अक्षर, एस, तिथेच मिळालंय. एएफपी, एचसीजी, एलडीएच हे रक्तातले तीन मार्कर ऑपरेशनच्या *आधी* काढायचे आणि नंतर उतार बघायचा. एएफपी ५ ते ७ दिवसांत निम्मं होतं, एचसीजी २४ ते ३६ तासांत. ऑपरेशनच्या दिवशी एएफपी ८०० असेल तर सात दिवसांच्या हिशेबाने ४००, २००, १००. म्हणजे २१व्या दिवशी १०० च्या आसपास किंवा खाली हवं. ३२० आलं, तर सीटी स्वच्छ असला तरी कुठेतरी आजार शिल्लक आहे असं धरूनच चालायचं. यकृताचा आजार आधी वगळायचा, कारण एएफपी तिथूनही वाढतं. आणि पॅथॉलॉजीने ‘शुद्ध सेमिनोमा’ (वृषणाच्या कॅन्सरचा एक प्रकार) लिहिलं पण एएफपी वाढलेलं आहे, तर तो शुद्ध सेमिनोमा नव्हेच.

जांभळं_झाकण
सर, त्या तिघांतला एलडीएच आमच्या हातात बिघडतो. लाल पेशींत तो ठासून भरलेला असतो. बारीक सुईने जोरात ओढलं, नळी खळाखळा हलवली, की पेशी फुटतात, सिरम गुलाबी होतं आणि आकडा चढतो. सेंट्रिफ्यूजमध्ये न फिरवता सॅम्पल तसंच पडून राहिलं तरी तेच. एक ते चार दुकान बंद ठेवायची पुणेरी शिस्त सॅम्पलला लावू नये. सिरम गुलाबी दिसलं तर एलडीएच लावूच नका, पुन्हा रक्त घ्या.

काचपट्टी
वृषणाबद्दल वादच नाही. प्रॉस्टेटमध्ये पीएसएबद्दलही (प्रॉस्टेटमधून रक्तात येणाऱ्या प्रथिनाबद्दलही) नाही, पण तिथे वापरणाराच घोटाळा करतो. दोन ठिकाणं सांगतो.

एक: वाढलेल्या प्रॉस्टेटसाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड सहा महिने-वर्षभर चालू असेल तर पीएसए साधारण निम्मा होतो. रिपोर्टवर ६, खरा १२. दहाची सीमा ओलांडली, जोखमीचा गट बदलला. टकलासाठी घेतात त्या १ मिग्रॅच्या गोळीनेही पीएसए उतरतो, आणि ती गोळी कोणी औषध म्हणून सांगत नाही.

दोन: दुप्पट व्हायचा काळ. हॉर्मोनचं औषध चालू असूनही पीएसए चढतोय पण स्कॅनमध्ये काही नाही, अशा पेशंटमध्ये पीएसए दुप्पट व्हायला १० महिने किंवा कमी लागले तर पसरण्याचा धोका मोठा धरतात. अपाल्युटामाइड, एन्झाल्युटामाइड, डॅरोल्युटामाइड या तीन औषधांच्या चाचण्या याच रेषेवर बेतलेल्या. आता बघा: जानेवारीत २.०, सप्टेंबरमध्ये ४.०. आठ महिन्यांत दुप्पट, रेषेच्या आत. दुसरी नळी घराजवळच्या दुसऱ्या लॅबला दिली असती, आणि तिथलं किट वेगळ्या प्रमाणावर बसवलेलं असतं, तर २० टक्क्यांचा फरक सहज पडतो. ४.० च्या जागी ३.२. मग दुप्पट व्हायचा काळ येतो जवळपास १२ महिने. माणूस तोच, पण औषधाच्या रेषेबाहेर.

केमो_कट्टा
तुम्ही सगळे जुन्या मार्करांत अडकलात. मूत्राशय काढल्यानंतर रक्तातला ट्यूमर डीएनए बघा. आयएमव्हिगोर०१० या चाचणीत अटेझोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध सरसकट दिलं, फायदा दिसला नाही. आयएमव्हिगोर०११ मध्ये रक्तात ट्यूमर डीएनए सापडलेल्यांनाच दिलं: आजार न परतता काढलेला मध्यक काळ ९.९ महिने, प्लासिबोत ४.८. पसरण्याआधी सांगणारी रक्ततपासणी आणखी कोणती हवी?

सरासरीवाला
ही उडी खरी आहे, मानतो. कारण इथे मार्करने धोका सांगितला *आणि* त्यावर उपचार बदलून फरकही दाखवला. एनएलआरबाबत ही दुसरी गोष्ट कोणी दाखवलेली नाही. पण मूत्राशयाचं यश किडनीला चिकटवू नका. किडनीचा कॅन्सर रक्तात फार कमी डीएनए सोडतो, तिथे ‘निगेटिव्ह’चं वजन हलकं.

काचपट्टी
प्रॉस्टेटमध्ये आणखी एक खड्डा. वय झालेल्या माणसाच्या पांढऱ्या पेशींतच एटीएम, चेक२ सारख्या जनुकांत बदल झालेले असतात. त्याच नळीतल्या पांढऱ्या पेशींचा डीएनए सोबत तपासला नाही, तर रक्ताचा बदल कॅन्सरच्या खात्यावर जमा होतो.

मूत्रविशारद_कोथरूड
आणि मूत्राशयाच्या त्या डीएनए तपासणीसाठी ट्यूमरचा पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) लागतो, तो आधीच्या हॉस्पिटलात. नातेवाईक ब्लॉकऐवजी रिपोर्टची झेरॉक्स घेऊन येतात. तोवर पीएसए एकाच लॅबला, एकाच किटवर करा, एवढं तरी पाळू. काचपट्टी, तुम्ही किटचं नाव आणि कॅलिब्रेशन रिपोर्टवर छापा. एनएलआरच्या ओळीची जागा रिकामी होतेच आहे.

जांभळं_झाकण
छापतील. पण फॉर्मवर तुमच्याकडूनही लिहून येऊ दे: कॅथेटर आहे का, लघवीत इन्फेक्शन कधी होतं, बायोप्सी कधी झाली, फिनास्टेराइड किती महिने, प्रेडनिसोलोन चालू का, केसांसाठी बायोटिन घेतात का (काही किटवर पीएसए खोटा कमी येतो). आणि डीएनए टिकवणारी खास नळी असेल तर ८-१० वेळा हळू उलटी-सुलटी करायची, साध्या तापमानाला ठेवायची. ती बर्फात घालून पाठवू नका. सगळे बर्फातच घालतात.