आधी सुनावणी की थेट फेडरल कोर्ट?

वर कुणीतरी लिहिलंय की अमेरिकेत अपंग मुलाच्या बाबतीत शाळेवर केस करायची तर आधी स्पेशल एज्युकेशनच्या कायद्याखालची राज्याची सुनावणी (कोर्टाबाहेरची, प्रशासकीय) संपवायची, तोवर फेडरल, म्हणजे केंद्राचं कोर्ट दारातही उभं करत नाही. एवढं सरसकट नाहीये ते! मिशिगनमधल्या एका शाळेने सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीला तिचा मदतनीस कुत्रा वर्गात आणू दिला नाही, त्या केसमध्ये २०१७ साली सुप्रीम कोर्टाने साधी कसोटी दिली, हीच तक्रार पब्लिक लायब्ररीवर करता आली असती का? शाळेत आलेल्या एखाद्या मोठ्या माणसाला करता आली असती का? येत असेल तर तो शिक्षणाचा नाही, भेदभावाचा मुद्दा, मग सुनावणीची अट बहुतेक लागू नाही. २०२३ ला पुन्हा मिशिगनच, कर्णबधिर मुलाला खुणांची भाषाच न येणारी मदतनीस दिलेली (धन्य आहे), त्याला पैशात भरपाई हवी होती आणि स्पेशल एज्युकेशनच्या कायद्यात ती मिळतच नाही, म्हणून सुप्रीम कोर्टाचा एकमताने निकाल की भेदभावाच्या कायद्याखाली भरपाई मागायला जा थेट कोर्टात. आणि माझ्या मते हा मुळात कोर्टाच्या अधिकाराचा प्रश्नच नाही, आधी कुठे जायचं त्या क्रमाचा आहे, वकील मंडळी उगाच दोन्हीची खिचडी करतात.