टाय कॉबच्या वर जॉश गिब्सन: पटतंय का?

धागाकर्ता: मे २०२४ मध्ये अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेने, मेजर लीग बेसबॉलने, १९२० ते १९४८ या काळातल्या निग्रो लीगची (मेजर लीगची दारं बंद असलेल्या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या लीगची) आकडेवारी आपल्या अधिकृत नोंदीत घेतली. कारकिर्दीच्या बॅटिंग सरासरीत (बॅटिंगच्या दर संधीमागे यशस्वी फटके किती) मेजर लीगचा जुना गोरा दिग्गज टाय कॉब (०.३६७) दुसरा झाला आणि निग्रो लीगमधल्या होमस्टेड ग्रेज संघाचा कॅचर (बेसबॉलमधला यष्टिरक्षक म्हणा) जॉश गिब्सन (०.३७२) पहिला. मला हे मनापासून पटलं. १९४० च्या दशकात ग्रेज वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ स्टेडियमवर खेळायचे, तेही तिथला मेजर लीगमधला सेनेटर्स संघ दौऱ्यावर असला की. मैदानाचा मालकच सेनेटर्सचाही मालक. ग्रेजकडून भाडं घ्यायचा, पण गिब्सनला कधी संघात घेतलं नाही.

आकडेमोड: गिब्सनच्या थोरवीबद्दल दुमत नाहीच. पण कॉब ११ हजारांहून जास्त वेळा बॅटिंगला उभा राहिला, गिब्सनच्या मोजलेल्या संधी त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. गिब्सनची १९४३ ची ०.४६६ सरासरी घ्या. मेजर लीगचा मोसम १५४ सामन्यांचा, ग्रेजचे लीग सामने जेमतेम निम्मे. छोट्या मोसमात सरासरी फुगते. याद्या दोन ठेवा, दोन्ही मानाने.

डावखुरा: वेगळं ठेवण्याचा उद्योग साठ वर्षं झालाच की! आणि तो कमी खेळला असं नाही, मोजलं कमी गेलं. पोटासाठी बसने गावोगाव फिरून खेळायचे हे लोक. हॉल ऑफ फेममधल्या (बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या सन्मान-दालनातल्या) त्याच्या फलकावर जवळपास ८०० होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) लिहिलेत. अधिकृत नोंदीत दोनशेही नाहीत, कारण फक्त लीगचे सामने धरलेत.

आकडेमोड: गावोगावच्या सामन्यांत समोर हौशी पिचरही (चेंडू टाकणारेही) असायचे. ते वगळले हे योग्यच. माझी शंका दर्जाबद्दल आहे.

धागाकर्ता: मग दर्जाचंच बोलू. १९४९ ते १९५३, सलग पाच वर्षं नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एकाचा) सर्वोत्तम नवोदित खेळाडू निग्रो लीगमधून आलेला होता: न्यूकम, जेथ्रो, विली मेज, जो ब्लॅक, गिलियम. दार किलकिलं झाल्याबरोबर हे घडलं. गिब्सन २० जानेवारी १९४७ ला गेला, वय ३५. ही वर्णबंदी मोडणारा कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन मेजर लीगमध्ये उतरला त्याच वर्षी १५ एप्रिलला.

आकडेमोड: नवोदितांचा मुद्दा बिनतोड आहे. तरी गिब्सनच्या सरासरीशेजारी संधींचा आकडा ठळक छापावा, एवढा आग्रह राहीलच.

डावखुरा: छापा. आणि कॉबच्या नावाशेजारी हेही छापा, की त्याच्या अख्ख्या कारकिर्दीत मेजर लीगमध्ये त्याच्यासमोर एकही कृष्णवर्णीय पिचर येऊ दिला नव्हता.