आजोबांच्या डॉजमध्ये डिझेल इंजिन बसवू द्यायचं का?

सदाशिवपेठी

वाडा पुनर्विकासाला चाललाय. नव्या इमारतीत प्रत्येकाला एक गाडी, तीही यांत्रिक पार्किंगच्या पाळण्यात. आमची १९५२ची डॉज किंग्जवे सोळा फूट लांब आहे, ती त्यात मावणार नाही. नऊ वर्षं मागच्या शेडमध्ये उभी आहे. तेव्हा विकायचं ठरलं.

गिऱ्हाईक आलं. माणूस सज्जन, पैसेही बरे देतोय. पण त्याचा बेत असा: जपानी डिझेल इंजिन, पॉवर स्टिअरिंग, एसी, आणि मग गाडी लग्नाच्या वरातींना. जाता जाता म्हणाला, "जुनं इंजिन तुम्हाला हवंय का, की भंगारात देऊ?" तेव्हापासून झोप नाही.

माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. किंग्जवे म्हणजे अंग प्लिमथचं आणि तोंड डॉजचं. क्रायस्लर कंपनीने परदेशी बाजारासाठी ही जोडी जमवली होती. सुटे भाग तिकडून यायचे आणि जुळणी कुर्ल्याला, वालचंद हिराचंदांच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्समध्ये व्हायची. सहा सिलिंडर, ३.६ लिटर, व्हॉल्व्ह डोक्यात नाहीत, बाजूला ब्लॉकमध्ये. ताकद ९७ अश्वशक्ती. गेल्या महिन्यात प्लग काढले, प्रत्येक भोकात थोडं ऑइल सोडलं, दोन दिवस मुरू दिलं आणि पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून फिरवलं. फिरलं! जाम नाही. असं इंजिन भंगारात कसं देऊ?

आई म्हणते, "तो निदान चालवेल तरी." माझं मत, त्याला द्यायची नाही. तुमचं सांगा.

घाटमाथा

दादा, मी तुमच्या आईच्या बाजूचा.

आमची १९४८ची शेव्हरोले. १९७३नंतर पेट्रोल भडकलं तेव्हा वडिलांनी तिच्यात पर्किन्सचं डिझेल बसवलं. तेव्हा कित्येकांनी तेच केलं. ज्यांनी केलं नाही त्यांच्यातल्या बऱ्याच गाड्या कुर्ल्याच्या भंगारात गेल्या, कारण लिटरला सहा किलोमीटर देणारी गाडी पगारदार माणसाला परवडेना. आमची आजही रस्त्यावर आहे. मी शाळेत तिच्यातून गेलो, माझी मुलगी सासरी तिच्यातून गेली. डिझेल बसवणं तुम्हाला पाप वाटतं, पण आमची गाडी जगली ती त्याच्याचमुळे.

आणि मूळ गाडीचं सुख किती होतं तेही सांगतो. वायपर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या जोरावर चालायचे. खंबाटकीत पावसात चढाला अॅक्सिलरेटर दाबला की व्हॅक्यूम पडायचा आणि वायपर काचेच्या मध्यावर थांबायचे. पाय उचलला की चालू. वडील पाय उचलत, काच पुसून घेत, पुन्हा दाबत. सहा व्होल्टचे दिवे म्हणजे कंदील. शेजारी एसटी, खाली दरी. ते पुन्हा नको.

लेथवाला, भोसरी

काका, वायपरला इलेक्ट्रिक मोटर लावा, माझी ना नाही. दिव्यांना रिले लावा. हे सगळं उद्या काढून मूळ जसंच्या तसं बसवता येतं. पण डिझेल बसवताना मेस्त्री काय करतो ते मी वीस वर्षं बघतोय. चासीचा पुढचा आडवा दांडा (क्रॉसमेंबर) गॅस कटरने कापतो, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला (फायरवॉल) खिडकी पाडतो, इंजिनाची माउंटिंगं अंदाजाने वेल्ड करतो. ते परत येत नाही. शिवाय चार सिलिंडरच्या डिझेलची थरथर थेट बॉडीत जाते आणि दाराखालच्या पत्र्याला चिरा पडतात.

लोक इंजिन काढतात ते "स्पेअर मिळत नाहीत" म्हणून. या इंजिनाच्या बाबतीत हे खोटं आहे. क्रायस्लरचं हे बाजूच्या व्हॉल्व्हचं सहा सिलिंडर घराणं मोटारींतून गेल्यावरही ट्रक, शेतीची यंत्रं, वेल्डिंग सेट यांच्यात १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालू होतं. रिंगा, व्हॉल्व्ह, गॅस्केट, वॉटर पंप, सगळं अमेरिकेत नवं मिळतं. मिळत नाही ती पुढची जाळी, क्रोमच्या पट्ट्या, मागची वळणदार काच. विकताना आधी ते मोजा, इंजिन नंतर. आणि चालू करण्याआधी पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम आणि रबरी नळ्या बदला. आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलपुढे जुनं रबर टिकत नाही.

एक किस्सा सांगायलाच हवा. अशीच एक प्लिमथ माझ्याकडे आली. डाव्या बाजूच्या चाकाचे दोन बोल्ट तुटलेले, तिसऱ्याचं डोकं गोल झालेलं. रस्त्यात पंक्चर झालं होतं आणि पंक्चरवाला पान्याला पाइप लावून वर उभा राहिला होता. बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नाही की क्रायस्लरच्या गाड्यांना डाव्या बाजूचे बोल्ट उलट्या आट्यांचे असतात. तो सोडवतोय असं समजून आवळत होता. बोल्टच्या डोक्यावर इंग्रजी 'एल' कोरलेला असतो, पण रंगाचे चार थर चढल्यावर दिसणार कसा? मी रॉकेलच्या चिंधीने घासून मालकाला दाखवला. अक्षरावर बोट ठेवून तो माणूस बराच वेळ गप्प बसला होता. गाडी तीस वर्षं घरात होती.

कागदपत्र

दोघांचं वाचलं. आता आरटीओचं बघा, कारण गिऱ्हाइकाचा बेत तिथेच अडतो.

२०२१च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, फेरनोंदणीला ५,०००, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. आणि व्यावसायिक वापराला बंदी. म्हणजे डिझेल आणि वरात दोन्ही बाद. नेहमीच्या नोंदणीवर ठेवायची तर इंजिन बदलाला आरटीओची मंजुरी घेऊन आरसी बुकात नवा इंजिन नंबर चढवावा लागतो, दर ५ वर्षांनी फेरनोंदणी वेगळी. २०२२च्या एप्रिलपासून तिची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली होती, २०२५मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना ती आणखी वाढली.

सदाशिवपेठी, गाडी दिलीत तरी नावावरून उतरेपर्यंत जबाबदारी तुमची. हस्तांतरण झाल्याशिवाय किल्ली देऊ नका.

घाटमाथा

म्हणजे मूळ राखली तर प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच रस्त्यावर काढायची. मंडईत भाजीला न्यायची नाही. त्याला गाडी म्हणायचं का? मला हे पटत नाही आणि पटणारही नाही. माझ्या आईने शेव्हरोलेच्या मागच्या सीटवर वाटाणे सोललेत.

नारायण पेठेतली लेक

माझं मूळवाले आणि डिझेलवाले, दोघांशीही भांडण आहे.

माझ्या वडिलांची प्लिमथ होती. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा ती छपरापर्यंत पाण्यात होती. वडिलांनी ती उघडून धुऊन पुन्हा चालू केली. पुढे कित्येक वर्षांनी दाराचं आतलं पॅनल काढलं तर तळाशी गाळाची वाळलेली वडी निघाली, चार बोटं जाड. मी ती हातात धरलीय.

मग वडील थकले. गिऱ्हाइकं येत होती, पण कुणी इंजिन बदलणार म्हणून नको, कुणी रंग बदलणार म्हणून नको. "योग्य माणूस येईल, बघू." उंदरांनी वायरिंग खाल्लं, सीटमधला काथ्या नेला, फ्लोअरचा पत्रा पावसाने गेला. शेवटी टेंपोवाल्याने काट्यावर वजन केलं. पुरातून वाचलेली गाडी आमच्या "बघू"तून वाचली नाही.

सदाशिवपेठी, नऊ वर्षं झालीत ना? मग इंजिन कुठलं ही चर्चा नंतरची. तारीख ठरवा. त्या तारखेपर्यंत मूळ इंजिनावर चालवणारा मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर डिझेलवाल्याला द्या, पण शेडमध्ये मरू देऊ नका.

लेथवाला, भोसरी

ताईंशी निम्मा सहमत. बंद गाडीला गिऱ्हाईक भंगाराच्या नजरेनेच बघतं. चालू इंजिन कानाने ऐकलं की तोच माणूस ते काढायचं म्हणत नाही, हे मी पाहिलंय. आधी ब्रेक मोकळे करा. मागचे ड्रम निमुळत्या (टेपर) अॅक्सलवर खाचेतल्या लोखंडी चावीने घट्ट बसलेले असतात, हातोड्याने ठोकलेत तर बेअरिंगं जातील. ड्रम ओढून काढायला मोठा पुलर लागतो. मी स्वतः बनवलेला आहे.

सदाशिवपेठी

ताई, तुमचं लिहिणं आईला वाचून दाखवलं. ती वडीपाशी थांब म्हणाली आणि पुन्हा वाचायला लावलं.

ठरवलं. दिवाळीपर्यंत मुदत. आलेल्या गिऱ्हाइकाला आजच नाही म्हणून कळवलं, किमतीचं नुकसान सोसेन. दिवाळीपर्यंत कुणी नाही आलं तर घाटमाथा काका, तुम्हाला फोन करीन, तुमच्या ओळखीचा नीट काम करणारा डिझेल मेस्त्री सांगा. माझं मन तयार नाही, पण शब्द देतो.

लेथवाले दादा, रविवारी सकाळी नऊला या, पुलर घेऊन. दुपारी जेवायलाच थांबा. डाव्या चाकाचे बोल्ट आत्ताच रॉकेलने घासून आलो. पाचांपैकी चारांवर 'एल' दिसला. पाचवा कुणीतरी कधीतरी बदललाय.