डिमेन्शिया झालेल्या माणसासाठी निवासी केंद्र निवडताना : अनुभव सांगा

सांजवेळ
काल मामेबहिणीचा फोन आला. मामीला घरी सांभाळणं आता झेपत नाहीये, रात्री कडी काढून बाहेर पडते. "तू सासूबाईंच्या वेळी जागा कशी निवडलीस ते सांग." बरंच बोललो आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की निम्मं सांगायचं राहिलंच. म्हणून इथे लिहितेय, तुम्हीही लिहा. बहिणीला वाचायला देणार आहे.

सासूबाईंना अल्झायमर. दिवसा ठीक असायच्या, ऊन उतरायला लागलं की जिवाची घालमेल सुरू. "मुलं अजून शाळेतून आली नाहीत", "मला घरी सोड". बसलेल्या असायच्या स्वतःच्याच घरात, स्वतः उभं राहून बांधून घेतलेल्या. याला सनडाउनिंग म्हणतात, हे डॉक्टरांनी सांगितलं. आणि जागा बघायला मात्र सगळे आम्हाला बोलवायचे सकाळी अकराला! सकाळी अकराला सगळं छानच असतं हो. अंघोळी झालेल्या, फरशी पुसलेली, मॅनेजर ताजातवाना. शेवटी नणंद म्हणाली, आता संध्याकाळी जायचं, न कळवता. एका ठिकाणी दारातूनच परत पाठवलं. दुसरीकडे आत घेतलं. तिथे एक आजी रडत येरझारा घालत होत्या आणि विशीतली एक मुलगी त्यांचा हात धरून त्यांच्याबरोबर चालत होती. बसा बसा करत नव्हती, समजावत नव्हती, नुसती चालत होती. आम्ही तीच जागा घेतली. खोल्या जुन्या, बागबीग काही नाही, माहितीपत्रक तर झेरॉक्स काढलेलं.

मॅनेजरना एक प्रश्न जरूर विचारा : कोणत्या परिस्थितीत तुम्ही "यांना घेऊन जा" म्हणाल? अंगावर धावून जायला लागले तर? अंथरुणाला खिळले तर? गिळता येईना तर? बहुतेक ठिकाणी उत्तर गोलगोल येतं. लेखी मागा.

धावतीपळती
रात्री किती माणसं असतात ते विचारा!! दिवसाचं सगळ्यांना तोंडपाठ असतं, इतक्या जणांमागे इतके. रात्रीचं विचारलं की "असतात ना, असतात". बाबांच्या मजल्यावर रात्री एकच बाई, आणि तिनेच खालचा मजलाही बघायचा. बाबा पहाटे कधीतरी पडले. कधी, ते कुणालाच सांगता येईना. खुब्याचं हाड मोडलं. बाकीचं नंतर लिहिते, कपडे वाळत घालायचेत, आभाळ आलंय.

कानामात्रा
पडण्यावरून आठवलं. "आम्ही पलंगाला कठडे लावतो" असं कोणी अभिमानाने सांगितलं तर लगेच हुश्श करू नका. डिमेन्शियाचा माणूस कठडा ओलांडायला जातो आणि जास्त उंचीवरून पडतो, किंवा फटीत अडकतो. त्यापेक्षा अगदी खाली जाणारा पलंग, शेजारी जाड गादी आणि पलंगावरून संडास दिसेल अशी खोली. रात्री उठतात ते बहुतेकदा तेवढ्यासाठीच. संडासाचं दार उघडं ठेवून आत मंद दिवा लावला तरी फरक पडतो.

जुनंखोड
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आपल्या माणसाला असं कुठेतरी ठेवणं मला पटत नाही. आमच्या आजीला शेवटपर्यंत घरीच सांभाळलं.

धावतीपळती
कोणी सांभाळलं? रात्री उठायचं कोण?

जुनंखोड
आई.

धावतीपळती
मग आईंनाच विचारा ना.

मुक्काम
सासऱ्यांना लेवी बॉडी डिमेन्शिया होता. यात नसलेली माणसं दिसतात. "कोपऱ्यात मुलं बसलीयत, गारठली असतील, पांघरूण द्या." आम्ही द्यायचो पांघरूण, वाद कशाला घालायचा. केंद्रात गेल्यावर लवकरच एका रात्री त्यांनी आरडाओरडा केला म्हणून त्यांना हॅलोपेरिडॉल दिलं, शांत करायचं अँटीसायकोटिक गटातलं औषध. सकाळी माणूस लाकडासारखा ताठ, घोट गिळता येईना. लेवी बॉडीच्या रुग्णांना ही औषधं कमालीची बाधू शकतात, जिवावर बेतू शकतं. फाईलमध्ये लिहिलेलं होतं सगळं. पण फाईल खाली ऑफिसात कुलपात आणि रात्रपाळीची नर्स वर.

तेव्हा नुसतं "डिमेन्शिया आहे" असं सांगून सोडू नका. कुठला आहे ते विचारून घ्या आणि पलंगाशेजारी मोठ्या अक्षरात लावा, कुठली औषधं द्यायची नाहीत त्यासकट. आणि केंद्राला थेट विचारा, शांत करायचं औषध सुरू करण्याआधी आम्हाला फोन करणार की नाही? लेवी बॉडी नसला तरी विचारा. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये या गटातल्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २००५ मध्ये या गटातल्या नव्या पिढीच्या औषधांवर छापायला लावला आणि २००८ मध्ये जुन्या पिढीच्या औषधांवरही. कधीकधी द्यावी लागतात, मान्य आहे. पण कशासाठी, किती दिवस आणि बंद कधी, हे विचारायचा आपला हक्क आहे. सासरे त्यातून सावरले. कोपऱ्यातली मुलंही परत आली :)

सांजवेळ
बाप रे मुक्काम. हे मला अजिबात माहीत नव्हतं. मामीला नक्की कुठला प्रकार आहे ते बहिणीला आजच विचारते.

रात्रपाळी
मी अशाच एका केंद्रात नर्स आहे. सुट्टी आहे म्हणून सविस्तर लिहिते, मोबाईलवर आहे, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

बघायला याल तेव्हा इमारत कमी बघा, तिथे राहणारी माणसं बघा. नखं कापलेली आहेत का. चष्म्याच्या काचा पुसलेल्या आहेत का. कानातलं यंत्र कानात आहे की खणात. दुपारी सगळेच्या सगळे टीव्हीसमोर माना टाकून पडलेले असले तर मनात घंटी वाजू द्या. भिंतीवर उपक्रमांचं रंगीत वेळापत्रक असतं, त्यावरचा महिना वाचा, गेल्या वर्षीचासुद्धा निघतो. दारातच लघवीचा वास आला तर कळतंच, पण सुगंधी फवाऱ्याने डोकं दुखायला लागलं तरी तेच समजा. मॅनेजरशी बोलून झालं की कॉरिडॉरमधल्या केअरटेकरशी बोला. "किती वर्षं आहात इथे?" सगळ्याच नव्या निघाल्या तर का ते शोधा. माणसं सारखी बदलणं आमच्या लोकांना सगळ्यात जास्त त्रासाचं होतं.

दुसरं, माणूस एकदोन दिवसांत अचानक बदलला, फार गोंधळला, सुस्त पडला किंवा भांडायला लागला, तर "आजार वाढला" म्हणून सोडून देतात का ते विचारा. डिमेन्शिया इतक्या झपाट्याने सहसा वाढत नाही. लघवीचा संसर्ग, तुंबलेलं पोट, पाणी कमी पडणं, दुखणं, नवीन औषध, असलं काहीतरी असतं. सापडलं तर बरेचदा उतार पडतो. चांगल्या केंद्रात हे आधी तपासतात.

आता आमची तक्रार. घरचे वैद्यकीय फाईल देतात जाडजूड. माणूस कोण होता, ते कुठेच नसतं! आमच्याकडे एक काका रोज सकाळी अंघोळीला नेलं की हात उगारायचे. आता औषध सुरू करावं लागतंय की काय, इथपर्यंत आलं होतं. मुलगी भेटायला आली तेव्हा सहज बोलून गेली, बाबांनी जन्मभर रात्रपाळी केली, अंघोळ कायम संध्याकाळी कामाला निघताना. आम्ही वेळ बदलली. प्रश्न मिटला. एक पान लिहून द्या हो. काय आवडतं, कशाची भीती वाटते, कुठल्या नावाने हाक मारली की ओ देतात.

कानामात्रा
रात्रपाळी, सोन्यासारखी पोस्ट. साठवून ठेवली.

गोगलगाय
+१. आणि प्रत्येक वस्तूवर नाव घाला! कपडे, चप्पल, चष्मा. बाबांची कवळी हरवली, चार दिवस शोधाशोध. सापडली कुठे? शेजारच्या खोलीतल्या आजोबांच्या तोंडात. आणि बसलीही होती व्यवस्थित!

धावतीपळती
ईईईई

मुक्काम
हाहाहा. मग परत मागितली का?

गोगलगाय
ते देईनात ना. माझीच आहे म्हणाले.

धावतीपळती
पण कवळीवर नाव घालायचं कसं?

पाऊलवाट
आमचा प्रश्न वेगळा होता. काकांना फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, वय ५७. स्मृती शाबूत, सगळ्यांना नावानिशी ओळखायचे, पण वागण्याचं भान सुटलेलं. काय बोलतोय, कोणाच्या ताटात हात घालतोय, कशाचा पत्ता नाही. तब्येतीने धडधाकट, भराभर चालणारे. केंद्रवाले वय ऐकूनच मान हलवायचे. तिथे राहणारे बहुतेक पंच्याहत्तरीपुढचे, त्यांच्यात एवढा ताकदवान माणूस कसा ठेवायचा? त्यांचंही चूक नाही म्हणा. शेवटी जिथे घेतलं तिथल्या बाईंनी आमच्याकडून वागणुकीची डायरी मागितली : काय झालं, त्याच्या आधी काय झालं होतं, कशाने थांबलं. काकूकडे ती वही होतीच, रागाच्या भरात लिहिलेली. तीच दिली. बाईंनी रात्री बसून सगळी वाचली, आणि मग आम्हीच ठरवलं की इथेच ठेवायचं. वय कमी असेल तर फोनवरच आधी सांगा, हेलपाटे वाचतात.

जुनंखोड
आईला विचारलं. म्हणाली, "माझ्यासाठी चांगलं केंद्र आत्ताच बघून ठेव, आणि तुझ्या बायकोला यात ओढू नकोस."

सांजवेळ
आईंना साष्टांग नमस्कार _/\_

धावतीपळती
जुनंखोड, सांगितलंत हे मात्र आवडलं.

मृगजळ
भाषेबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून? आत्या तीन भाषा अस्खलित बोलायची, त्यातल्या एकीत तर नोकरीभर हुकूम सोडले. आजार वाढला तशी नंतर शिकलेली भाषा आधी गेली. उरली फक्त लहानपणीची बोली. केंद्र सुरेख, पण ती बोली येणारी एकच मावशी, तीही दिवसपाळीला. संध्याकाळी आत्या पाणी मागतेय हेही कुणाला कळत नसे, आणि नोंदवहीत शेरा "रुग्ण चिडचिड करते". पाळी बदलून घ्यायला आम्हाला खूप भांडावं लागलं. प्रत्येक पाळीत भाषा येणारं कोण आहे, ते विचाराच.

दिगंत
नेदरलँड्समध्ये होगेवेक नावाचं आख्खं गावच आहे डिमेन्शियाच्या लोकांसाठी, २००९ पासून. सहासात जणांचं एकेक घर, चौक, दुकान, थिएटर. माणसं मोकळी हिंडतात, बाहेर पडायचा दरवाजा एकच. असं सगळीकडे का होत नाही?

धावतीपळती
पैसे, दिगंत, पैसे.

कानामात्रा
गाव नसलं तरी कल्पना उचलता येते. चालायला गोल वाट असावी, बंद भिंतीशी संपणारी नको, तिथे माणूस अडकून कावराबावरा होतो. दारात काळं पायपुसणं नको, काहींना तो खड्डा वाटतो आणि पाय पुढे टाकवत नाही. आरसा झाकता यायला हवा, स्वतःलाच "हा कोण घुसलाय" म्हणतात. जर्मनीत काही ठिकाणी बस कधीच येत नाही असा खोटा बसथांबा करतात. "घरी जायचंय" म्हणणारे तिथे जाऊन बसतात, थोड्या वेळाने विसरतात. मला ते फसवणुकीसारखं वाटतं, नवऱ्याला भारी वाटतं. घरात अजून वाद चालू आहे.

गोगलगाय
मला नवऱ्याचं पटतं. कुलूपबंद दारावर धडका मारण्यापेक्षा बरं की.

आणि आमच्या केंद्रातले एक निवृत्त साहेब रोज सकाळी तपासणीला निघतात. खोल्याखोल्यांत डोकावून "ठीक आहे, चालू द्या" म्हणतात. स्टाफने त्यांना एक वही-पेन दिलंय, सगळे उभे राहून सही घेतात. खऱ्या मॅनेजरपेक्षा वचक जास्त.

पाऊलवाट
हे भारी आहे :D

निरोप्या
सध्या बहिणीशी वाजलंय यावरून. एक केंद्र म्हणतं पहिले दोन आठवडे भेटायला येऊ नका, आईला रुळू द्या. ताई म्हणते असं कसं. काय करावं?

रात्रपाळी
सरसकट नियम करणारं केंद्र मला आवडत नाही. काहींना रोज कोणी आलं की निघताना फार त्रास होतो, काहींना घरचं कोणी दिसलं नाही तर जास्त. आधी थोड्या दिवसांच्या मुक्कामावर ठेवून बघता येतं का विचारा, त्यात त्यांनाही आई कळते आणि तुम्हालाही ते. भेटलात की जेवणाच्या आधी निघा. त्या जेवायच्या गडबडीत असतात, "मलाही ने"चा प्रसंग टळतो.

निरोप्या
ताईला वाचून दाखवलं. थोडी शांत झालीय. धन्यवाद.

सांजवेळ
बहिणीने वाचलं सगळं. मामीला रक्तवाहिन्यांमुळे झालेला, व्हॅस्क्युलर आहे म्हणाली. तिचा एक प्रश्न आहे : पुढे गिळणं थांबलं की नाकातून नळी घालावीच लागते का? एका केंद्राने सक्तीचं सांगितलंय.

रात्रपाळी
प्रवेशाच्या कागदातच तशी अट असेल तर सही करण्याआधी डॉक्टरांशी बोलायला सांगा. डिमेन्शियाच्या शेवटच्या टप्प्यात नळीने आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो, असं दिसलेलं नाही. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी (वृद्धांवर उपचार करणाऱ्यांची संघटना) हीसुद्धा तिथे नळीऐवजी हाताने, जमेल तेवढं, सावकाश भरवा असंच सुचवते. भरवायला माणूस लागतो आणि वेळ लागतो, म्हणून केंद्रांना नळी सोयीची पडते. मामींना अजून बोलता येत असेल तर त्यांनाच विचारा, जमेल तेवढं. आणि त्यांचं उत्तर लिहून ठेवा.

सांजवेळ
सांगते. ती आजच विचारते म्हणाली, मामी सकाळी बरी असते.

धावतीपळती
कपडे भिजलेच शेवटी. पण कवळीचं कोणी सांगितलंच नाही!

गोगलगाय
अगं दाताचे डॉक्टर घालून देतात, आतल्या बाजूला. नवीन करतानाच सांगायचं. आम्ही दुसरी केली तेव्हा घातलं.

मुक्काम
आणि पहिली?

गोगलगाय
आजोबा वापरतायत.