मदत हवी आहे: रॅपर आइस क्यूबचा पहिला सोलो अल्बम कुणाच्या खात्यात धरायचा?

वाशीच्या मिनी सीशोअरवर आमचा रॅपवेड्यांचा कट्टा भरतो. या रविवारी वादाचा विषय आहे, लॉस एंजेलिसचा रॅप ग्रुप एन.डब्ल्यू.ए. की न्यूयॉर्कचा पब्लिक एनिमी? कुणाचा प्रभाव जास्त टिकला? मांडणी माझ्याकडे आहे.

दोघांचेही गाजलेले अल्बम साधारण १९८८-८९चे, त्यामुळे 'आधी कोण' याला अर्थ नाही. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये कुणाला कधी घेतलं ते बघितलं, पब्लिक एनिमी २०१३, एन.डब्ल्यू.ए. २०१६. त्यातूनही प्रभाव कळत नाही.

घोडं खरं अडलंय ते क्यूबपाशी. १९८९च्या शेवटी तो एन.डब्ल्यू.ए.तून बाहेर पडला आणि पहिला सोलो अल्बम (१९९०) त्याने न्यूयॉर्कला जाऊन केला, तोही पब्लिक एनिमीचं संगीत घडवणाऱ्या बॉम्ब स्क्वॉड या निर्मात्यांच्या टीमबरोबर! शब्द आणि राग लॉस एंजेलिसचे, पण मागे एकावर एक चढवलेले सॅम्पल (जुन्या रेकॉर्डमधले तुकडे) आणि गोंगाट पब्लिक एनिमीचा. त्यांच्या 'रिबेल विदाउट अ पॉज'मध्ये सॅक्सोफोनचा तुकडा अखंड किंचाळत राहतो ना, त्याच घराण्यातला. माझं मन बॉम्ब स्क्वॉडकडे झुकतं, पण एन.डब्ल्यू.ए.वाले ऐकणार नाहीत.

शाळकरी पोरंही येतात, म्हणून शिव्या नसलेली गाणीच वाजवता येतील. एन.डब्ल्यू.ए.चं 'एक्स्प्रेस युअरसेल्फ' घेतलंय. 'दोघेही थोर' हे उत्तर नको, टुपाक-बिगी या रॅपरांचा वादही नको.

तुम्ही हा अल्बम कुणाच्या पारड्यात टाकाल, आणि कुठल्या निकषावर? ते कानाने पटेल अशी, पोरांसमोर वाजवता येणारी दोन गाणी कुठली?