मदत हवी आहे: स्टीम डेक, स्विच की आरओजी अलाय? खेड्यात कोणता टिकन?

नमस्कार मंडळी, दारव्ह्याजवळच्या खेड्यात राहतो, हँडहेल्ड कन्सोल (हातात धरून गेम खेळायचं मशीन) घ्यायचा आहे, बजेट ७० हजारापर्यंत, कापसाचे पैसे हातात आहेत तोवर घेऊन टाकतो म्हणतो. यूट्यूबवर सगळे एफपीएसच (सेकंदाला किती चित्रं, म्हणजे गेम किती सुरळीत चालते ते) सांगून रायले, पण आपल्या इकडं लाइन, नेट अन् उन्हाळ्यात तो चालन कसा हे कोणी बोलत नाही.

आरओजी अलाय (२०२३ वाला) भारतात ६९,९९० ला निघाला होता, वॉरंटी इथली, ७ इंची १२० हर्ट्झ स्क्रीन, विंडोज आहे म्हणून कोणताही लाँचर (गेम विकत घ्यायचं अन् चालवायचं अ‍ॅप) चालते. पण बॅटरी ४० वॉट-अवरची, जड गेम लावला की दोन तासही जात नाही म्हणतात, अन् आमच्याकडं पावसाळ्यात संध्याकाळी लाइन गेली की कधी कधी सकाळीच येते.

स्टीम डेक ओएलईडीची ५० वॉट-अवर आहे, ४५ वॉटचा चार्जर आहे म्हणजे इन्व्हर्टरवर आरामात चालन, अन् बटन दाबून झोपवला की परत तिथूनच सुरू होते. मले हे फार आवडलं, कारण कृषी केंद्रात बसतो, गिऱ्हाईक आलं की लगेच ठेवावा लागन. पण डेक बनवणारी कंपनी व्हॉल्व्ह तो भारतात विकतच नाही, इम्पोर्टवाले सांगतील तो भाव, बिघडला तर न्यायचा कुठं?

नेट म्हणाल तर मोबाइलचा, दिवसाला २ जीबी, अन् एकट्या रेड डेड रिडेम्प्शन २ ला १५० जीबी जागा लागते. यवतमाळला मित्राच्या पीसीवर स्टीमचे (व्हॉल्व्हच्याच ऑनलाइन दुकानातले) गेम आहेत, तिथून लोकल नेटवर्कवर कॉपी होतात असं वाचलं, कोणी केलं आहे का? स्विच ओएलईडीत कार्ट्रिज (गेमचं कार्ड) टाकली की झालं, बॅटरी पण कंपनी ४.५ ते ९ तास सांगते, पण स्विच बनवणाऱ्या निन्टेन्डोचे गेम स्वस्त होतच नाहीत, अन् स्विच २ च्या काही कार्डात नुसती चावी असते, गेम डाउनलोडच करा लागते.

सगळ्यात मोठी काळजी उन्हाची. स्टीम डेक काय अन् स्विच काय, दोन्ही कंपन्या ३५ अंशापर्यंतच वापरा म्हणतात, अन् आपल्याकडं मे महिन्यात ४५ जाते. घरात एसी नाही, कूलर आहे, पण त्याची ओली हवा मशीनमध्ये गेली तर आतून खराब नाही का होणार?

माझं मन डेककडं आहे. अमरावती, नागपूर, यवतमाळकडं कोणी एखादा तरी उन्हाळा वापरला असन तर सांगा ना भाऊ, पंखा किती आवाज करते, धूळ आत जाते का, अन् नागपुरात उघडून साफ करून देणारा भरवशाचा कोणी आहे का.